मोझार्टचा तीन पियानोंचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची रचना) मुळात कोणासाठी लिहिला, आणि तो दोनच पियानोंवर वाजवला तर चालतो का?

मूळ अगदी घरगुती आहे. साल्झबुर्गची काउंटेस अंतोनिया लोड्रोन आणि तिच्या दोन मुली, अलोइझिया नि ज्युसेपा, तिघीही वाजवायच्या. वीस वर्षांच्या मोझार्टनं त्यांच्यासाठी फेब्रुवारी १७७६ मध्ये हा एफ मेजरमधला कॉन्चेर्टो (मोझार्टच्या रचनांच्या सूचीत के. २४२) लिहिला. धाकटीचा हात तेवढा तयार नव्हता, म्हणून तिसरा पियानो सोपा. तेव्हापासून ‘तिसऱ्याला काय काम?’ ही टवाळी चालू आहे, आणि ती मला बिलकूल मान्य नाही.

२२ ऑक्टोबर १७७७ ची आउग्सबुर्गची मैफल घ्या. पहिल्या पियानोवर कॅथीड्रलचा ऑर्गनवादक डेमलर, दुसऱ्यावर खुद्द मोझार्ट, आणि तिसऱ्यावर योहान आंद्रेआस श्टाइन, म्हणजे चक्क पियानो घडवणारा माणूस! पुढच्या मार्चमध्ये मानहाइमला रोझा कान्नाबिख, आलोइझिया वेबर आणि तेरेझ पिएरों या तीन मुलींनी तो वाजवला. मोझार्टनं घरी कळवलं, तीन तालमी झाल्या आणि छान जमलं. आज एका तालमीवर स्टेजवर चढतात आणि विस्कटलं की खापर तिसऱ्यावर फोडतात.

विस्कटतं ते वेगळ्याच कारणानं. व्हायोलिनं केसभर मागेपुढे झाली तरी खपतं; पियानोचा हातोडा तारेवर पडला की पडला. तिघांनी एकत्र उतरायच्या जागी ‘टक’ऐवजी ‘टकटक’ ऐकू येतं. झाकणं काढून ठेवा, म्हणजे निदान एकमेकांचे चेहरे दिसतात. पियानो स्टेजवर जागच्या जागी लागल्यावरच, एकाच ट्यूनरकडून, त्याच दिवशी तिन्ही लावून घ्या. एकाचा ‘ए’ सूर ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंपनं) आणि दुसऱ्याचा ४४२ ला असेल, तर त्या एकाच ‘ए’वर आवाजाचे सेकंदाला दोन हेलकावे येतात; अडाजिओत, म्हणजे मधल्या संथ भागात, ते लपत नाहीत.

दोन पियानोंचं म्हणाल तर खुशाल वाजवा. मोझार्टनंच १७७९-८० च्या सुमारास स्वतःसाठी नि बहीण नान्नर्लसाठी तशी आवृत्ती केली. फक्त तीच छापील प्रत आणा. तीन पियानोंच्या प्रतीतला तिसरा गाळून वाजवू नका, साथ भोकं पडल्यासारखी वाटते.

आता कोणीतरी हेल्मुट श्मिटचं नाव काढणारच. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर असताना, १९८१ मध्ये, एशेनबाख आणि फ्रान्ट्स या नामवंत पियानोवादकांच्या जोडीनं त्यांनी लंडनला तिसरा पियानो रेकॉर्ड केला. ‘राजकारण्याला जमतो, म्हणजे सोपाच!’ बोटं कमी धावतात, हे कबूल. पण लय घसरली तर दोन्ही उस्तादांसकट घसरते. त्या जागी सगळ्यात पक्क्या लयीचा माणूस बसवा.