‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेली कुपी टोचून घ्यावी का?

प्रश्न : खांदा दुखतो म्हणून जिमच्या ट्रेनरने बीपीसी-१५७ नावाच्या पेप्टाइडची ५ मिलिग्रॅमची कुपी टोचायला आणून दिली. वर ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असं छापलंय, सोबत ९९ टक्के शुद्धतेचा कागद. मेडिकलवाल्यांनी नावही ऐकलेलं नाही. हे कायद्यात बसतं का? – एक वाचक, लातूर

उत्तर : मेडिकलवाल्यांनी ऐकलं नाही, कारण भारतात माणसांसाठी त्याला मंजुरीच नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, त्या शब्दात वावगं काही नाही. इन्सुलिन पेप्टाइडच, आणि गोठ्यात पान्हा सोडायला चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिनही पेप्टाइडच. प्रश्न मंजुरीचा आहे. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात एखादी वस्तू औषध आहे की नाही, हे ती कशासाठी वापरायची यावरून ठरतं. ‘खांद्याला घे’ म्हणून पैसे घेऊन दिली की ती औषधाची विक्री झाली. विक्रीला परवाना लागतो, आणि नव्या औषधाला २०१९च्या नियमांनुसार केंद्राची मंजुरीही. लेबलवरची ती ओळ विकणाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी छापलेली आहे. तुमच्या खांद्याला तिचा काही उपयोग नाही.

आता कागद. ९९ टक्के म्हणजे कुपीत सापडलेल्या पेप्टाइडसदृश पदार्थांपैकी ९९ टक्के एकच आहे, एवढंच. पावडर ५ मिलिग्रॅम भरली तरी त्यात पाणी आणि क्षारही असतात. ती निर्जंतुक आहे का, जिवाणूंचं विष म्हणजे एंडोटॉक्सिन त्यात आहे का, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्याच्या चाचण्या वेगळ्या. टोचल्यावर ताप-थंडी भरते ती बहुधा याच न तपासलेल्या भागामुळे. शिवाय कागदावरचा बॅच नंबर कुपीवरच्या नंबरशी जुळतो का, तेवढं तरी बघा. बीपीसी-१५७वरचं बहुतेक काम उंदरांवरचं आहे, माणसांवरचं अगदी थोडं.

प्रश्न : बीपीसी-१५७च्या ५ मिलिग्रॅमच्या कुपीत ‘२ मिली पाणी घाल आणि सिरिंजच्या १० रेघा घे’ असं सांगितलंय. सिरिंज इन्सुलिनचीच आहे, चालेल ना? – एक वाचक, बीड

उत्तर : नाही. चूक नेमकी इथंच होते. आपल्याकडे मेडिकलवर इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात : लाल टोपणाची यू-४० (१ मिलीत ४० युनिट) आणि केशरी टोपणाची यू-१०० (१ मिलीत १०० युनिट). इथं एक रेघ म्हणजे एक युनिट धरलंय. ५ मिलिग्रॅममध्ये २ मिली पाणी घातलं की १ मिलीत २.५ मिलिग्रॅम होतात. यू-१००च्या १० रेघा म्हणजे ०.१ मिली, त्यात २५० मायक्रोग्रॅम. यू-४०च्या त्याच १० रेघा म्हणजे ०.२५ मिली, त्यात ६२५ मायक्रोग्रॅम. अडीच पट! सांगणारा ‘रेघा’ म्हणतो, टोपणाचा रंग कुणी विचारत नाही.

दुसरी गफलत पाण्याची. इंजेक्शनसाठीच्या साध्या निर्जंतुक पाण्यात जंतू रोखणारं काही नसतं. अशा पाण्यात कालवलेली कुपी आठ-दहा दिवस सुईने टोचत राहिलात, तर आत जंतूंना मोकळं रान. टोचून झालंच असेल आणि जागा लाल, गरम, टणक झाली किंवा ताप आला, तर कुपी घेऊन सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टरांपासून काही लपवू नका.

प्रश्न : कुस्ती खेळतो. बीपीसी-१५७ घेतलं तर डोपिंग चाचणीत अडकेन का? – एक पैलवान, परभणी

उत्तर : बीपीसी-१५७ २०२२पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे. टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन ही अशीच विकली जाणारी पेप्टाइडंही यादीत आहेत. चार वर्षांपर्यंत बंदी बसू शकते. ‘ट्रेनरने दिलं, मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

प्रश्न : परदेशातून स्वतःपुरतं मागवलं तर? आणि तक्रार कुठं करायची? – एक वाचक, जालना

उत्तर : स्वतःच्या वापरासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह फॉर्म १२-ए भरून १२-बी परवाना घ्यावा लागतो. एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांपर्यंतच सवलत आहे. ‘संशोधन’ लेबलच्या कुपीसाठी चिठ्ठी लिहायला कुठले डॉक्टर तयार होतील?

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे. विकत घेतलेलं औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याची सोय कलम २६मध्ये आहे. बिल बहुधा नसतंच. म्हणून यूपीआयची नोंद, कुरिअरचं पाकीट, मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा. उरलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवा, धुऊन टाकू नका.