‘चळवळ आणि सामाजिक न्याय’ हा मानवशास्त्राचा पेपर गोव्यात शिकवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

सिद्धांतांनी करू नका, एका संघर्षापासून करा. रापणकारांचा, म्हणजे रापण हे मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढून मासे धरणाऱ्यांचा घ्या: 1970च्या दशकात ट्रॉलर वाढले, किनाऱ्याजवळची मासळी घटली आणि रापण ओढणारे रस्त्यावर उतरले. संसाधनं, उपजीविका, सरकार, सगळं त्यात येतं. तीन-चार आठवडे सहज जातात.

मग चार-चार जणांचे गट ग्रामसभेला पाठवा, सरपंचांची परवानगी आधीच घेऊन. वहीत डावीकडे जे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे स्वतःचा अर्थ. कोण गप्प बसलं हेही लिहायला लावा. हमखास चुकतं ते मुलाखतींत: मुलं माइक हातात असलेल्यांनाच गाठतात, मासळी विकणाऱ्या बायका राहून जातात. 2012 आणि 2018च्या खाणबंदीचा विषय घेतलात, तर धुळीने शेत गेलेल्याइतकंच खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतलेल्याचंही ऐकायला हवं. नाहीतर ‘न्याय कुणासाठी’ हा प्रश्न वर्गात उभाच राहत नाही.

मोर्चाला जाण्याचे गुण अजिबात देऊ नका, ती सक्तीच होते. आंदोलकांवर गुन्हे नोंदले गेले असतील तिथल्या वहीत खरी नावं नकोत, फोटोत चेहरे नकोत, आणि रेकॉर्डिंग वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कधीच नको. शेवटचे 20 गुण अहवाल त्याच गावात कोंकणी किंवा मराठीतून वाचून दाखवण्याला ठेवा.