बिडाच्या जुन्या सांडपाण्याच्या पाइपाला नवा पीव्हीसी पाइप कसा जोडावा?

आपण लिहिले आहे की, एरंडवण्यातील आपल्या जुन्या सोसायटीत डक्टमधून उतरणाऱ्या संडासाच्या 100 मिमी बिडाच्या पाइपाला दुसऱ्या मजल्यावर उभी चीर गेली आहे, आणि तेवढाच भाग कापून तेथे पीव्हीसीचा तुकडा बसवावा व सांधे सिमेंटने भरावेत, असे प्लंबरचे म्हणणे आहे. पुण्यातील जुन्या इमारतींची अशी कामे मी करून घेत असल्याने एवढे खात्रीने सांगतो की, पीव्हीसीला हरकत नाही, सिमेंटला मात्र ठाम नकार द्यावा.

उन्हाने तापल्यावर पीव्हीसी हे बिडाच्या निदान पाचपट वाढते. 3 मीटर लांबीचा पाइप 30 अंश तापला, तर बीड जेमतेम 1 मिमी वाढते आणि पीव्हीसी 5 मिमीच्या पुढे जाते. पश्चिमेकडे उघड्या असलेल्या डक्टमध्ये एप्रिल-मे महिन्यांत ही उघडझाप रोजच चालते. सिमेंट गुळगुळीत प्लास्टिकला मुळात धरतच नाही. ते नुसते भोवती बसते आणि काही काळाने केसाएवढी फट पडून पाणी झिरपू लागते. एपॉक्सी पुट्टीचीही तीच गत होते. पीव्हीसीचे सॉल्व्हंट प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सांधा जोडते, त्यामुळे बिडावर त्याचा काही उपयोग नाही. सुतळी ठासून वर वितळलेले शिसे ओतण्याची जुनी रीत बीड-बीड सांध्यासाठी उत्तम होती. परंतु शिसे 327 अंशांना वितळते आणि पीव्हीसी 80 अंशांच्या आसपासच मऊ पडते, हे लक्षात घेता तीही येथे बाद होते. हलू देऊनही पाणी अडवील असा सांधा रबराचाच करावा लागतो.

असा सांधा देणारे कपलिंग, म्हणजे दोन पाइपांच्या टोकांवर चढणारी जोडनळी, आणण्यापूर्वी माप घ्यावे. बिडाचा ‘100’ हा आतला व्यास असतो, तर पीव्हीसीचा ‘110’ हा बाहेरचा. त्यामुळे दोन्ही पाइप बाहेरून जवळपास सारखे भरू शकतात, पण ते गृहीत धरू नये. पाइप घासून घ्यावा, त्याभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला 3.14 ने भागावे. दोरा 345 मिमी भरला, तर बाहेरचा व्यास 110 मिमी आहे. दुकानात ‘चार इंची’ असे मोघम सांगण्यापेक्षा हा आकडा सांगावा. बोहरी आळीतील हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी करताना स्टेनलेस स्टीलची पट्टी व दोन्ही टोकांना क्लॅम्प असलेले रबरी कपलिंग मागावे. नुसत्या रबराच्या कपलिंगमध्ये दोन्ही टोके कालांतराने एका रेषेत राहत नाहीत, म्हणून उघड्यावरील उभ्या पाइपासाठी मला पट्टीचेच पसंत आहे.

कापण्याची जागा चिरेवरून नव्हे, तर बिडाच्या प्रकृतीवरून ठरवावी. हातोडीने हलके ठोकत जावे: निरोगी बीड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. भिंतीकडची बाजू, जेथे रंगाचा हात कधी पोहोचलेला नसतो, तेथे स्क्रूड्रायव्हरने खरवडून पाहावे. काळी मऊ भुकटी निघाली तर तो भागही काढावा, कारण कुजलेल्या बिडावर क्लॅम्प आवळला की ते दबून फुटते.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी अशी की, ग्राइंडर लावण्यापूर्वी वरच्या पाइपाला सॉकेटखाली (दुसरा पाइप ज्यात बसतो त्या रुंद तोंडाखाली) भक्कम लोखंडी क्लॅम्प ठोकून त्याचा भार भिंतीवर घ्यावा. या पाइपाचे वजन मीटरमागे दहा किलोहून अधिक असते, आणि मधला तुकडा निघताच वरच्या मजल्यांचा सगळा भार लोंबकळतो. तो भार पीव्हीसीवर कधीही टेकू देऊ नये. कापलेल्या कडा सरळ असाव्यात व त्यांची बोच कानसीने काढावी. पीव्हीसीचा तुकडा मोकळ्या जागेपेक्षा थोडा आखूड ठेवावा. रबर सरकवताना साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावल्यास रबर फुगून खराब होते. कपलिंगचे क्लॅम्प दोन्हीकडून आळीपाळीने आवळावेत.

खाली बिडाचे सॉकेटच वापरायचे असेल, तर त्यातील शिसे ड्रिलने भोके पाडून मोकळे करावे. ज्योत लावू नये, शिशाची वाफ विषारी असते. रिकाम्या सॉकेटमध्ये मापाचा रबरी बुश (फट भरणारे कडे) बसवून मग पीव्हीसी आत ढकलावा. मला विचाराल तर मी सॉकेट कापून सरळ पाइपावर कपलिंग घालीन, कारण जुने सॉकेट छिन्नीच्या एका चुकार घावाने तडकते.

डक्टमधील पाइप सामाईक असल्याने सोसायटीच्या समितीस लेखी कळवावे आणि काम चालू असेपर्यंत वरच्या मजल्यांवरील संडासांचा वापर थांबवावा. काम झाल्यावर वरच्या दोन-तीन संडासांचे फ्लश एकाच वेळी सोडून दोन्ही सांध्यांभोवती कोरडा कागद फिरवावा. तो ओला झाल्यास क्लॅम्प पुन्हा आवळावेत, वरून पुट्टी थापू नये.