टॅब कपाटातून बाहेर काढा, दादा

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे. मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली, आता अकरावी कॉमर्सला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड आहे. तिला कॉम्प्युटरवर चित्रं काढण्यात करिअर करायचंय म्हणून हप्त्यावर पेन टॅब घेऊन दिला. पण त्यातले सगळे शब्द इंग्रजी. म्हणून मी नियम केला : रोज २० शब्द पाठ करायचे, रात्री जेवताना म्हणून दाखवायचे, आणि १००० शब्द होईपर्यंत टॅब कपाटात. दीड महिना झाला. चुकली की ओरडतो, कारण इंग्रजी आलं नाही तर तीही माझ्यासारखी ओझी वाहील. हल्ली ती चित्रंही काढत नाही, गप्प असते. 'डिझाइनचं इंग्रजी' शिकवणारा एक क्लास आहे, फी ३० हजार. घालू का? तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवतोय.

उत्तर : दादा, फीचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण मी त्याच्या आधीच्या वाक्यावरच अडकले. 'हल्ली ती चित्रंही काढत नाही.' स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती हे सगळं पार करून जिने ए ग्रेड आणली, ती हल्ली चित्राला हातही लावत नाही. तुमच्या पत्रात ही बाब ओझरती आली आहे. माझ्या दृष्टीने पत्रात तीच सगळ्यात मोठी.

तुम्ही तिला रोज ताटावर बसवून काय सांगताय ते एकदा तिच्या बाजूने ऐका. चुकलेला प्रत्येक शब्द तिला गोणीखाली ढकलणार आहे, आणि पप्पांचं काम म्हणजे घाबरून पळावं अशी गोष्ट आहे. ज्या कमाईतून तिचा टॅब आला त्या कामाबद्दल तिच्या मनात तुम्हीच लाज पेरताय. हप्ते भरून मुलीला टॅब घेऊन देणारे वडील मी फार पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण जेवतानाची ही परीक्षा आज रात्रीपासून बंद करा. मुलीला दोन घास सुखाने खाऊ द्या.

आता वही. पान मी नीट वाचलं. 'व्हॅल्यू – किंमत. ब्लीड – रक्तस्राव. मल्टिप्लाय – गुणाकार. ओपॅसिटी – अपारदर्शकता.' अक्षर मोत्यासारखं आहे आणि डिक्शनरी पाहून लिहिलेला प्रत्येक अर्थ बरोबरही आहे. पण टॅब हातात आल्यावर यातले पहिले दोन अर्थ तिच्या काडीच्या कामाचे नाहीत. चित्रातली व्हॅल्यू म्हणजे छटेचा गडद-फिकटपणा. तांब्याच्या कळशीवर उजेड पडतो तिथे फिकट, पोटाखाली गडद, हे तिने स्थिरचित्रात कितीदा केलं असेल. तिला व्हॅल्यू येते, तिचं नाव तेवढं माहीत नव्हतं, आणि वहीने चुकीची ओळख करून दिली. ब्लीड हा छापखान्यातला शब्द. कागद कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून रंग कापायच्या रेषेबाहेर साधारण ३ मिलिमीटर पसरू देतात, तो ब्लीड. मल्टिप्लाय म्हणजे चित्राचा एक थर, म्हणजे लेअर, दुसऱ्या थरात मिसळायची एक पद्धत. तिचं तर मला फार आवडलं, कारण तिथे खरोखरच गुणाकार होतो. पांढरा म्हणजे १ आणि काळा म्हणजे ० धरा. अर्ध्या उजेडाच्या थरावर अर्ध्या उजेडाचा थर ठेवला की ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. रंग गडद होतो. म्हणून सावलीसाठी चित्रकार वरचा लेअर मल्टिप्लायवर टाकतात. हे तिने एकदा स्वतः करून पाहिलं तर जन्मात विसरणार नाही, आणि टॅब कपाटात असताना शंभरदा घोकलं तरी कळणार नाही.

'आधी इंग्रजी, मग टॅब' हा समज माझ्याकडे येणाऱ्या किती तरी पालकांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. तुम्हालाच विचारते. 'लेव्ही' हा शब्द तुम्हाला कुणी पाठ करायला लावला होता? तो इंग्रजीच आहे. माथाडी बोर्डाची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या वर मालकाने भरायची रक्कम, कशी आकारली जाते, कुठे जमा होते, हे तुम्ही मला झोपेतसुद्धा सांगाल. तोलाई, वाराई हे हमालीतले शब्दही टोळीत काम करता करताच अंगवळणी पडले ना? लेअर, लॅसो, ब्रश, निब हे तिच्या धंद्याचे शब्द आहेत आणि तसेच येणार. शिवाय स्टायलस आणि टॅब्लेट ही नावं मुळात जुन्या रोमन काळातल्या मेणाच्या पाटीची आणि तिच्यावर कोरायच्या टोकदार लेखणीची. तुम्ही लेकीला पाटी-लेखणी घेऊन दिलीत आणि अक्षरं पाठ झाल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही म्हणालात.

त्यातून तिचा टॅब बिनस्क्रीनचा असावा, हप्त्यावरचे पहिले टॅब बहुधा तसेच असतात. त्यावर हात टेबलावर चालतो आणि नजर समोरच्या पडद्यावर असते. हा मेळ बसायला काही आठवडे रोजचा सराव लागतो. तेच आठवडे वाया गेले.

तेव्हा टॅब बाहेर काढा. क्रिटा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतं. त्याचा मेनू इंग्रजीतच ठेवायला सांगा. दिवसाला तीन शब्द पुरे. ओपॅसिटी ३० केल्यावर काय झालं, १०० केल्यावर काय झालं, हे वहीत शब्दासमोर छोटं चित्र काढून दाखवायचं. डिक्शनरीतला अर्थ लिहायचा नाही, सुचलं तर आपल्या मराठीत एक ओळ.

इंग्रजी लागणारच आहे, पण ते दुसरं. काम देणारा माणूस लिहून पाठवतो की पात्र जरा थकलेलं दिसू दे, पार्श्वभूमी मागे जाऊ दे. ते वाचून कळलं पाहिजे आणि आपण काय बदललं हे चार साध्या वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सुट्या शब्दांच्या याद्यांनी ते येत नाही. आठवड्यातून एकदा आपल्याच चित्राबद्दल पाच इंग्रजी वाक्यं लिहू दे, कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंना दाखवू दे. क्लासवर ३० हजार घालू नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर परत मागा.

परीक्षांचं थोडक्यात : यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा बारावीच्या वर्षातच कुठल्याही शाखेतून देता येते, पेपर इंग्रजीत असतो, त्यातली चित्रं कागदावर हाताने काढावी लागतात, आणि जुने पेपर परीक्षेच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. ती घेणाऱ्या आयआयटी मुंबईचं डिझाइनचं केंद्र १९६९ साली सुरू झालं, ज्या वर्षी माथाडी कायदा झाला त्याच वर्षी. ऐरोलीचा पूल ओलांडला की पवईची ही आयआयटी लांब नाही, एकदा दोघं जाऊन या.

आणि जेवताना बोलायचंच असेल तर तिने दिवसभरात केलेलं चित्र तिला दाखवू द्या. मार्केटातला एखादा शब्द तुम्ही तिला सांगा. वाराई म्हणजे काय, हे तुमच्या लेकीला ठाऊक आहे का?