विहीणबाई का रागावल्या?

प्रश्न : मागच्या महिन्यात माझ्या मुलाचं लग्न दादरच्या एका कार्यालयात झालं. सगळी व्यवस्था मुलीकडच्यांची होती आणि ती खरोखर उत्तम होती. दुसऱ्या दिवशी मी विहीणबाईंना मेसेज केला, ‘लग्न अगदी भपकेबाज झालं, सगळे नाव काढताहेत.’ त्यांचं उत्तर आलं, ‘आम्ही आपलं ऐपतीप्रमाणे केलं.’ तेव्हापासून त्या तुटक बोलतात. घरातल्या शब्दकोशात भपका म्हणजे थाटमाट असंच दिलं आहे. मग माझं चुकलं कुठे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या मनात वाईट नव्हतं हे पटलं, पण शब्द चुकलाच. कोशात प्रतिशब्द एका ओळीत शेजारी शेजारी बसवलेले असतात. ते एकाच पंगतीला बसणारे असतातच असं नाही.

भपका आधी नाकाला कळतो. दारूचा भपका येतो, गटाराचा येतो. मोगरा दरवळतो, त्याचा भपका आला असं आपण सहसा म्हणत नाही. गिरगावात आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. शनिवारी संध्याकाळी कोट चढवून निघाले की माणूस दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत अत्तर तळमजल्यावर पोचलेलं असे. आजी पदर नाकाला लावून म्हणायची, ‘निघाला भपका!’ तो कोट भाड्याचा असतो, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. त्यामुळे आजी वासाबद्दल बोलतेय की कोटाबद्दल, हे मला लहानपणी कधीच कळलं नाही. आता वाटतं, दोन्हीबद्दल. एकदम अंगावर येणारं आणि आत फारसं काही नसलेलं, असं काहीतरी त्या शब्दाला कायमचं चिकटलं आहे. विहीणबाईंना झोंबलं ते हेच.

थाटाचं तसं नाही. थाट म्हणजे मांडणी, रचना. दुकान थाटतात, संसार थाटतात. वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित भातखंड्यांनी राग दहा थाटांत बसवले, तिथेही थाट म्हणजे स्वरांची मांडणीच. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेली ही इमारत मधली बरीच वर्षं बंद होती, २०१६ मध्ये पुन्हा उघडली. ती बंद असतानाही मी बसमधून मान वळवून बघत असे. दाराला कुलूप होतं, रया गेली होती, तरी थाट होता. भपका तेवढा टिकत नाही.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. रुबाब माणसाचा असतो, लग्नाचा नाही. नवरदेव रुबाबात बसला म्हणा. डौल ही स्तुती, होडी डौलात जाते; पण आधी ‘डाम’ लागला की त्याच डौलाचा डामडौल होतो आणि बोलणाऱ्याचं नाक मुरडतं. बडेजाव तर उघड उघड टोमणाच. दिमाख मुळात अरबी दिमागातून आलेला, म्हणजे डोक्यातला. ‘दिमाख दाखवू नकोस’मध्ये ती जुनी घमेंड अजून शिल्लक आहे. पण ‘दिमाखदार सोहळा’ म्हटलं की कोणी रागावत नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यात इतके दिमाखदार सोहळे हाताखालून गेले, की साधा सोहळा दिसला तर एखादा शब्द गळलाय का, अशी शंका यायची.

एक सावधगिरी. थाटसुद्धा सुरावर अवलंबून आहे. ‘काय थाट आहे तुमचा!’ हे जरा लांबवून म्हणा, की झालाच टोमणा. आणि मेसेजमध्ये सूर ऐकू येत नाही. आमचा नातू तर असल्या सगळ्याला ‘फुल शायनिंग’ म्हणून मोकळा होतो. तेही विहीणबाईंना लिहू नका.

आता दुसरा मेसेज पाठवून शब्दाचा अर्थ समजावत बसू नका, त्याने आणखी चिघळेल. फोन करा आणि लग्नातली एखादी गोष्ट नाव घेऊन वाखाणा. मठ्ठा चांगला झाला होता ना? मग मठ्ठ्यापासून सुरुवात करा.