तिकीट स्वस्त मिळालं, बिल मात्र अडकलं

प्रश्न : मी पुण्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेव्हल ७ च्या वेतनश्रेणीवर आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत होमटाउनच्या बदल्यात मिळणारी एलटीसी (सुट्टीतल्या प्रवासासाठी सरकार देतं ती भाड्याची सवलत) घेऊन पत्नी आणि दोन मुलांसह श्रीनगरला जाऊन आलो. पुणे ते दिल्ली झेलमने, सेकंड एसीत. दिल्ली ते श्रीनगर विमानाने. २४ दिवस आधी विमानाचं तिकीट काढायला बसलो. एका अधिकृत एजंटच्या साइटवर माणशी ६,३९० रुपये दिसत होते. तीनदा पैसे भरायला गेलो. ओटीपी टाकला की चक्र फिरत राहायचं. एकदा तर खात्यातून पैसे गेले आणि चार दिवसांनी परत आले. शेवटी एका खासगी ॲपवर तेच विमान ५,८४० ला मिळालं, ते घेतलं. चौघांचे जाऊन-येऊन सरकारचे ४,४०० रुपये वाचले. परतल्यावर २३व्या दिवशी बिल दिलं. आता ‘अनधिकृत एजंटकडून तिकीट, दावा अमान्य’ असं ऑब्जेक्शन आलंय आणि ६४,००० रुपयांचा सगळा ॲडव्हान्स दंडव्याजासह पगारातून कापायला काढलाय. पैसे वाचवले हा माझा गुन्हा झाला का?

उत्तर : गुन्हा नाही. पण ‘मी सरकारचे ४,४०० रुपये वाचवले’ हे वाक्य तुम्ही अर्जात घातलं असेल, तर ते आधी काढून टाका. त्याच वाक्यानं तुमची बाजू पडते, कारण त्यातून असा अर्थ निघतो की अधिकृत मार्ग तुम्हाला माहीत होता, दिसत होता, आणि बाहेर स्वस्त मिळालं म्हणून तुम्ही तो सोडला. नियमाला नेमकं हेच नको आहे.

नियम काय आहे ते बघू. अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाचं १६ जून २०२२ चं ज्ञापन आणि त्यामागोमाग एलटीसीसाठी कार्मिक विभागानं २९ ऑगस्ट २०२२ ला काढलेलं ज्ञापन, ही दोन्ही हाताशी ठेवा. सरकारी खर्चाचं विमान तिकीट तीनच ठिकाणांहून घ्यायचं : बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. शक्यतो २१ दिवस आधी काढायचं. निघण्याच्या वेळेच्या तीन तासांच्या पट्ट्यात, शक्यतो न थांबणाऱ्या विमानाचं, आपल्या वर्गातलं सर्वात कमी भाड्याचं निवडायचं, आणि त्या वेळी साइटवर दिसणारं भाड्याचं पान छापून बिलासाठी जपून ठेवायचं. म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाचा सरकारी अर्थ त्या तीन दुकानांतलं स्वस्त असा आहे. चौथ्या दुकानात फुकट वाटत असले तरी लेखापालाला त्याचं काही नाही. हे मला शहाणपणाचं वाटतं का? नाही. पण कोणत्या खिडकीवर तिकीट काढायचं हे ठरवण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला असतो, आणि केवळ भाव जास्त होता म्हणून केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण तो नियम बाजूला ठेवील, या आशेवर राहू नका.

तुमच्या ऑफिसात कुणीतरी नक्की सांगितलं असेल, ‘मी तर २०१८ ला थेट विमान कंपनीच्या साइटवरून काढलं होतं, पास झालं.’ ते खोटं बोलत नाहीत. तेव्हा एलटीसीसाठी कंपनीच्या काउंटरवरून किंवा साइटवरून थेट तिकीट घ्यायला मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि सगळी व्यवस्थाच नव्यानं मांडली गेली. आज थेट कंपनीकडून घेतलेलं तिकीटही तुमच्या ॲपच्याच रांगेत बसतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. एरवी एलटीसीवर विमान लेव्हल ९ पासून. लेव्हल ६ ते ८ ला ते फक्त दौऱ्यावर. पण जम्मू-काश्मीर, लडाख, ईशान्य भारत आणि अंदमानची जी खास योजना आहे (सध्या तिची मुदत २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे), तिच्यात दिल्ली किंवा अमृतसरपासून पुढचं विमान तुमच्यासारख्यांनाही मिळतं. दिल्लीपर्यंत आपल्या वर्गाची रेल्वे, पुढे विमान, हे तुम्ही बरोबर केलंत. त्यामुळे तुमच्या पात्रतेवर ऑब्जेक्शन नाही, असूही शकत नाही. वाद फक्त तिकीट कुठून काढलं एवढाच आहे, आणि तोही विमानाच्या टप्प्यापुरता. झेलमचं तिकीट रेल्वेचं, वर्ग बरोबर, श्रीनगरला जाऊन आल्याचा पुरावा हजर. तरीही ऑफिसनं सगळा दावा एका शेऱ्यात उडवलाय. रेल्वेचा भाग वेगळा काढून मंजूर करा, अशी स्वतंत्र मागणी करा. माझ्या मते ती टिकण्यासारखी आहे.

आता विमानाच्या टप्प्याकडे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून गेलात : ‘एकदा तर खात्यातून पैसे गेले आणि चार दिवसांनी परत आले.’ अहो, हाच तुमचा खटला आहे! १६ जूनच्या ज्ञापनात टाळता न येणाऱ्या परिस्थितीत अनधिकृत ठिकाणाहून तिकीट घेतलं गेलं तर सूट देण्याची तरतूद आहे. ती मंत्रालयाच्या वित्तीय सल्लागारांनी द्यायची. संलग्न आणि दुय्यम कार्यालयांत सहसचिव दर्जाच्या खाली नसलेल्या विभागप्रमुखांनी. तुमच्या डीडीओला (ऑफिसातली बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याला) ती देताच येत नाही, म्हणून त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याच्यामार्फत अर्ज वर जाऊ द्या. त्याच अर्जात पर्यायी विनंती जोडा : १९८८ च्या एलटीसी नियमांत विशिष्ट प्रकरणी अवाजवी त्रास होत असेल तर कार्मिक विभागाच्या संमतीनं नियम शिथिल करता येतो, तो अधिकार वापरावा.

अर्ज मात्र पुराव्यावर उभा राहिला पाहिजे. बँकेत जाऊन त्या दिवसाचं स्टेटमेंट शिक्क्यासह घ्या; पैसे गेल्याची ओळ आणि परत आल्याची ओळ, दोन्हींवर हायलायटर फिरवा. ओटीपीचे तीन एसएमएस मोबाइलमध्ये असतील तर वेळेसकट स्क्रीनशॉट काढून छापा. खासगी ॲपवरच्या बुकिंगची वेळ त्यानंतरची आहे ना, हे आधी तपासा. ११.०५ ला पैसे अडकले आणि ११.४० ला ॲपवर तिकीट निघालं, असं दिसलं तर गोष्ट आपोआप उलगडते. उलट निघालं तर मला पुन्हा लिहा, मग अर्ज वेगळा करावा लागेल. एजंटला त्या वेळी तक्रारीचा ईमेल केला असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर आता मागची तारीख घालून करू नका. आणि समोरून विचारलं जाईल, की उरलेल्या दोन अधिकृत साइटी पाहिल्यात का? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. खरं असेल तेच लिहा.

मागच्या तारखेवरून आठवलं. अशा वेळी कॅन्टीनमध्ये एक हितचिंतक हमखास भेटतो : ‘आपला एक ओळखीचा आहे, अधिकृत एजंटचं बिल बनवून देतो.’ तिकडे फिरकूसुद्धा नका. पीएनआर विमान कंपनीकडून पडताळता येतो. आज तुमच्यापुढे ६४,००० चा प्रश्न आहे; खोटं बिल जोडलंत की तो नोकरीचा होतो. खोट्या दाव्याबद्दल विभागीय चौकशी सुरू झाली की ती संपेपर्यंत एलटीसी बंद, आणि शिक्षा झाली तर पुढच्या दोन एलटीसीही जातात. पोलिसात तक्रार झाली तर ते आणखी निराळं.

दंडव्याजाबद्दल. ते मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे : ॲडव्हान्स उचलून प्रवासच न करणारे, आणि परतल्यावर एका महिन्यात बिल न देणारे. तुम्ही प्रवास केलात, बिल २३व्या दिवशी दिलंत. आवक शिक्क्याची प्रत जोडा आणि व्याज कोणत्या तरतुदीखाली लावलं, ते लेखी विचारा. निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी, न जमल्यास हप्ते पाडून द्यावेत, हेही त्याच अर्जात मागा. युनियनवाले ‘रफीक मसीह’ निकालाचं नाव घेतील. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा हा निकाल ऑफिसनं चुकून जास्त दिलेल्या रकमेच्या वसुलीबद्दल आहे, आणि त्यातलं मुख्य संरक्षण गट क आणि ड ला. लेव्हल ७ म्हणजे सहसा गट ब, आणि चूक ऑफिसची असल्याचं तुम्हीही म्हणत नाही. तो जोडून अर्जाचं वजन वाढणार नाही.

दरम्यान दहा रुपये भरून माहिती अधिकारात एवढंच विचारा : जून २०२२ नंतर तुमच्या मंत्रालयात अनधिकृत बुकिंगच्या किती प्रकरणांत सूट दिली आणि कोणत्या कारणांनी. पैसे भरताना साइट अडकल्याच्या कारणावर आधी कुणाला सूट मिळाली असेल, तर तुम्हाला का नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

एवढं करून नकार आला, किंवा सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. नकारापासून, किंवा ते सहा महिने संपल्यापासून, एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कोर्ट फी ५० रुपये, वकिलाची फी अर्थातच तेवढी नाही. ६४,००० साठी मुंबईच्या फेऱ्या परवडतील का, याचा हिशेब घरी बसून करा. माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो, बहुतेकदा वरच्या ऑफिसातला नीट अर्ज स्वस्त पडतो.

राज्य सरकारच्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचे शासन निर्णय वेगळे आहेत.

ऑब्जेक्शन मेमोची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ती कळवा आणि मेमोची प्रतही पाठवा, दोन्ही बाजूंची. अशा मेमोच्या मागच्या बाजूला पेनानं काहीतरी लिहिलेलं असतं आणि बरेचदा खरं कारण तिथेच सापडतं.