इमूचं अंडं बॅटरीत दिसंना, मग कळायचं कसं?

प्रश्न : दादा, औसा तालुक्यात मामाकडं इमूची एक जोडी राहिलीय, मागं सगळे इमू पाळायला लागले होते तेव्हाची. त्यांची चार अंडी आणून कोंबडीच्या इन्क्युबेटरमधी ठेवलीत, टेंपरेचर ३७.५, आत वाटीभर पाणी. महिना झाला तरी बॅटरी लावून बघितलं की आत काहीच दिसंना. फेकून देऊ का? आन् लाईट गेल्यावर काय करायचं? शेतात लांडोरीची अंडी सापडतात, ती पण ठेवली तर चालतील का?

उत्तर : फेकू नका! इमूचं कवच काळपट हिरवं आणि इतकं जाड असतं की साध्या बॅटरीनं आतलं काही दिसतच नाही, तुमचं चुकलं तिथं नाही, चुकलं ते टेंपरेचरमधी. ३७.५ हे कोंबडीचं झालं, इमूला ३६ ते ३६.५ लागतं, आजच खाली आणा. आणि ती पाण्याची वाटी काढा बरं आधी, इमूला हवा कोरडी पाहिजे, ह्युमिडिटी ३० टक्क्यांच्या आसपास पुरे, आपल्याकडं हिवाळ्यात तेवढी हवा बहुतेक आपोआपच मिळते.

आता खरी गोष्ट काट्याची. किचनचा डिजिटल काटा घ्या, प्रत्येक अंड्याचं वजन करा आणि अंड्यावरच पांढऱ्या खडूनं लिहा, पेन्सिल त्या रंगावर दिसत नाही. उबवताना अंड्यातलं पाणी उडत जातं, पूर्ण काळात साधारण १५ टक्के वजन कमी व्हायला पाहिजे, म्हणजे ६०० ग्रॅमचं अंडं असलं तर आठवड्याला १२-१३ ग्रॅम. एवढं उतरत नसेल तर ओलावा जास्त होतोय, आणि लईच भराभर उतरलं तर थोडं पाणी ठेवा. पण वजन उतरतंय म्हणजे पिल्लू जिवंतच आहे असं नाही, नापीक अंडंही हलकं होतं. घाण वास मारणारं मात्र लगेच बाहेर काढा, आत फुटलं तर बाकीची पण जातील.

इन्क्युबेटरमधी अंडी आपोआप फिरवणारा टर्नर असतो, त्याच्या खाचेत हे अंडं बसत नाही, आडवं ठेवून हातानंच दिवसातून तीन-चार वेळा फिरवा. इमूला ५० दिवसांच्या आसपास लागतात, म्हणून ४५ नंतर अंडं सपाट फरशीवर ठेवून जवळ शिट्टी मारा, आतलं पिल्लू जिवंत असलं तर अंडं चक्क हलतं! शेवटचे तीन-चार दिवस फिरवणं बंद, आणि खाली गोणपाट टाका, गुळगुळीत पेपरवर पिल्लाचे पाय फाकतात.

लाईट गेली तर झाकण उघडून बघत बसू नका, वरून गोधडी टाका, फक्त हवेची भोकं मोकळी ठेवा. मोठं अंडं लवकर थंड होत नाही, तास-दोन तासांत काही बिघडत नाही. डीपीच जळाली तर मात्र इन्व्हर्टर बघा.

लांडोरीच्या अंड्यांना हातच लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे, अंडी उचलणं हा गुन्हा आहे. नांगरटीत घरटं सापडलं तर तेवढा तुकडा सोडून पुढं जा आणि वन खात्याला कळवा.